घर न वाचता मूल कसे सांभाळणार?

१८९९ साली नाशिक परिसरात प्लेगने थैमान घातले. भगूर गावचे दामोदरपंत सावरकर त्यात दगावले. त्यांच्या पत्नी राधाबाई त्याआधीच, १८९२ मध्ये, पटकीने गेल्या होत्या. मागे उरले वीस वर्षांचे बाबाराव, सोळा वर्षांचा विनायक, अकरा वर्षांचा नारायण आणि बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी, ज्यांचे स्वतःचे बालपण अद्याप पुरते सरले नव्हते. त्यातच नारायणाला आणि पाठोपाठ बाबारावांनाही प्लेगने गाठले. सख्खे नातलगही एकमेकांच्या दारात जाण्यास धजत नसत, अशा त्या दिवसांत नाशिकच्या दातार कुटुंबाने या मुलांना आसरा दिला. पुढे तिळभांडेश्वर गल्लीतल्या बिऱ्हाडात येसूवहिनींनी दोन्ही दिरांना आईच्या मायेने सांभाळले. त्या घराने देशाला काय दिले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगावयास नको.

आता क्षणभर अशी कल्पना करावी की, हेच प्रकरण आजच्या एखाद्या अधिकाऱ्यासमोर आले आहे. त्याने छापील नमुना पुढे ओढला आहे आणि तो लिहितो आहे : आई-वडील हयात नाहीत. घरात प्रौढ पुरुष एकच. त्याचे शिक्षण अर्धवट, उत्पन्नाचे निश्चित साधन नाही. सांभाळ करणारी स्त्री अल्पवयीन. आश्रय देणाऱ्या कुटुंबाशी रक्ताचे नाते नाही. शिफारस : बालकांस संस्थेत दाखल करावे. या अहवालातील एकही ओळ खोटी ठरली नसती. आणि तरीही त्या घराविषयी जे सांगावयास हवे होते, त्यातले काहीच त्यात आले नसते.

प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीचा नाही, आजचा आहे. संकटात सापडलेल्या मुलाची काळजी घेण्याचे काम आज शासन करते, संस्था करतात, पगारी आणि बिनपगारी कार्यकर्ते करतात. त्यांच्यातील अनेकांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांच्या हाती दिलेल्या चष्म्याविषयी. ज्या घरातून मूल आले, ते घर या चष्म्यातून दिसते काय?

कायदा सांगतो एक, कागद मागतो दुसरेच

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे दिली आहेत, ती कोणाही कुटुंबप्रेमी माणसाला मान्य व्हावीत अशीच आहेत. मुलाच्या पालनपोषणाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे. मुलाला लवकरात लवकर आपल्या कुटुंबात परतण्याचा हक्क आहे. आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय होय, असे हा कायदा निःसंदिग्धपणे सांगतो. म्हणजे दोष कायद्याच्या हेतूत नाही. दोष आहे तो हेतूपासून टेबलापर्यंतच्या प्रवासात.

सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभे करावे लागते. त्यानंतर सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा, अशी अपेक्षा असते. नाशिक हा पंधरा तालुक्यांचा जिल्हा. एका टोकाला गुजरातच्या सीमेवरील सुरगाणा, दुसऱ्या टोकाला मनमाड-नांदगाव. एका गावात कोकणा वा वारली बोली, दुसरीकडे बागलाण-मालेगावात अहिराणी, मालेगाव शहरात उर्दू. या साऱ्या घरांत जाऊन, ओसरीवर बसून, चहा घेऊन, बोलते करून घर समजून घ्यायचे, तर हाताशी माणसे किती आणि वेळ किती? परिणामी घरभेट ही पुष्कळदा एका सहीपुरती उरते.

आणि नमुना तरी काय विचारतो? आई-वडिलांचे परस्परसंबंध कसे आहेत : सलोख्याचे, सलोख्याचे नाहीत, की माहीत नाही? तीनांपैकी एकावर खूण करावयाची. भारतातील कोणत्या घराचे उत्तर या तीन चौकटींत मावेल? ज्या घरात नवरा-बायको चार दिवस बोलत नाहीत, पण मुलाला ताप आला की दोघेही रात्र जागून काढतात, त्या घराला कोणती खूण करावयाची? बाप दारू पितो, पण चुलता मुलाची फी भरतो आणि आजी त्याला कुशीत घेऊन झोपते, तेथे कोणती चौकट?

आजोळाला रकाना नाही

मराठीत आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, बापाच्या बहिणीला आत्या. मामाची बायको मामी, काकाची बायको काकू. इंग्रजीला या चौघींसाठी एकच शब्द पुरतो. हा केवळ शब्दसंपत्तीचा प्रश्न नव्हे. आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळे नाव आहे, कारण प्रत्येक नात्याचे कर्तव्य वेगळे आहे. लग्नात भाचीच्या पाठीशी मामाच उभा राहतो. पहिले बाळंतपण माहेरीच होते. घरात काही विपरीत घडले की मूल धावत सुटते ते आजोळी. 'आजोळ' या शब्दात जे संरक्षण भरलेले आहे, त्यासाठी कोणत्याही शासकीय नमुन्यात रकाना नाही. तेथे फक्त 'इतर नातेवाईक' असतात.

याचे परिणाम पाहावयाचे असतील, तर नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील हजारो वनवासी स्त्री-पुरुष भातकापणी उरकली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात पहाटे उभे राहतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून खुडणी संपेपर्यंत अनेक घरांत मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि मुले. शहरात वाढलेल्या नजरेला ही 'आई-वडिलांनी सोडून दिलेली' मुले वाटतात. पाड्यावर जाऊन विचारले, तर कळते की, मुलाचे जेवण आजीकडे, झोपणे चुलत्याकडे आणि दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी बाप पीठमीठ देऊन जातो. येथे दारिद्र्य आहे, शाळेची हेळसांड आहे, आणि त्यावर उपाय हवाच. पण येथे त्याग नाही.

दुसरे उदाहरण पाटाचे. अनेक समाजांत तरुण विधवेने वा सोडलेल्या स्त्रीने पाट लावावा, ही जुनी आणि एका अर्थी अत्यंत मानवी चाल आहे. अशा वेळी पहिल्या नवऱ्याचे मूल पुष्कळदा त्याच्या बापाच्या कुळात, आजा-आजीकडे वा चुलत्याकडे राहते. नात्याच्या व्यवहारात ही वाटणी आहे. अहवालात मात्र एकच वाक्य उतरते : 'आईने दुसरे लग्न करून बालकास सोडले.' हे वाक्य मोठेपणी त्या मुलाने वाचले, तर त्याच्या मनात आईविषयी काय उरेल, याचा विचार लिहिणाऱ्याने केलेला असतो काय?

हा चष्मा आला कोठून, हेही तपासले पाहिजे. भारतातील समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाले. ते सुरू करण्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याचा पुढाकार होता. त्यांनी नागपाड्याच्या वस्तीत केलेले काम मोलाचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या शिक्षणाबरोबर जी पुस्तके आणि जे सिद्धान्त आले, ते शिकागो-न्यूयॉर्कच्या घरांवर बेतलेले होते : आई, बाप आणि मुले एवढेच कुटुंब, बाकी सारे बाहेरचे. इकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेचा प्रांतोप्रांती शोध घेतला. त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. जगाने त्याची दखल घेतली. पण मुलाच्या भवितव्याचा निर्णय ज्यांच्या अहवालावर ठरतो, त्यांच्या प्रशिक्षणात इरावतीबाईंना स्थान किती? आपल्या घराचे शास्त्र आपल्याच विदुषीने लिहून ठेवलेले असताना परक्या घराचा नकाशा हाती घेऊन आपण आपल्याच गल्लीत का चाचपडतो?

मनमाड ते बर्लिन

घर न वाचता घेतलेला निर्णय काय करतो, याचा धडा मनमाड स्थानकाने दिला आहे. मे २०२३ च्या अखेरीस बिहारमधून पुण्याच्या दिशेने निघालेल्या गाडीतून ५९ मुसलमान मुलांना भुसावळ व मनमाड येथे उतरवण्यात आले. ती मदरशांत शिकण्यासाठी पुणे-सांगलीकडे निघाली होती. मानवी तस्करीच्या संशयावरून बरोबरच्या पाच जणांना अटक झाली. जवळपास निम्मी मुले नाशिकच्या निवारागृहात राहिली. काही आठवड्यांनी अटकेतील माणसे सुटली आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी गुन्हा घडलाच नसल्याचे सांगून तपास बंद करण्याचा अहवाल दिला. एवढ्या संख्येने लहान मुले घरापासून दूर नेली जात असता चौकशी झालीच पाहिजे होती. तस्करी ही कपोलकल्पित गोष्ट नाही. परंतु पालकांशी बोलून पहिल्या दोन-तीन दिवसांत जे कळू शकत होते, ते कळेपर्यंत मुले सुमारे बारा दिवस परक्या शहरात अडकून पडली. ज्यांना मदरशाचे शिक्षण मान्य नाही, त्यांनीही हे कबूल केले पाहिजे की, आई-बापांची संमती आणि त्यांची परंपरा तपासल्याविना मुलाला अडकवून ठेवणे हा न्याय नव्हे. आपल्या घरासाठी जो न्याय मागावयाचा, तो दुसऱ्याच्या घरालाही द्यावा लागतो.

कारण उद्या तोच प्रसंग आपल्यावर येतो आणि आलाही आहे. मे २०११ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर शहरात एका बंगाली दांपत्याची दोन मुले तेथील बालसंरक्षण यंत्रणेने उचलून नेली. आई-वडिलांनी सांगितलेल्या आक्षेपांत मुलाला हाताने भरवणे आणि शेजारी घेऊन झोपवणे यांचा समावेश होता. भारतातील प्रत्येक आईने केलेला हा गुन्हा! भारत सरकारला हस्तक्षेप करावा लागला. एप्रिल २०१२ मध्ये मुले भारतात आली आणि जानेवारी २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती आईला मिळाली. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका गुजराती दांपत्याची सात महिन्यांची मुलगी दुखापतीच्या संशयावरून ताब्यात घेण्यात आली. २०२२ मध्ये आई-वडिलांवरील फौजदारी चौकशी बंद झाली. तरीही २०२३ मध्ये तेथील न्यायालयाने मुलीचा ताबा सरकारी यंत्रणेकडेच ठेवला. जी मुलगी बोलायला शिकली ती परक्या भाषेत, तिला गुजराती आजीची अंगाई कोण परत देणार?

मुलाच्या कल्याणाच्या नावाने घरे मोडण्याचा इतिहास जुना आहे. ऑस्ट्रेलियाने तेथील मूळनिवासींची मुले पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरांतून उचलली. कॅनडाने ती निवासी शाळांत कोंडली. २००८ मध्ये, आधी ऑस्ट्रेलियाच्या आणि मग कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली. इंग्रजांनी हाच प्रयोग भारतातही केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती करून चार वर्षांपुढील मुलांना आई-बापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय करण्यात आली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडची वसाहत पारधी-कैकाडी समाज आजही विसरलेला नाही. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण 'यांच्या घरात मूल नासेल' ही त्यामागची समजूत रद्द झाली, असे म्हणता येईल काय?

घराचा देव्हारा करू नये

एवढे म्हटल्यावर स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. २०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीवरच्या दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि एक भयंकर वास्तव उघडकीस आले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे या वस्तीतील मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात वेठीला दिलेली होती. त्यांना तेथे पाठवणारे त्यांचे आई-बापच होते. कुटुंबसंस्थेच्या महानतेवर कितीही व्याख्याने दिली, तरी या मुलीपुढे ती मुकी होतात.

बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या नोंदींतही आरोपी बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीचा, पुष्कळदा घरातलाच असतो. 'आमच्याकडे असे होत नाही' असे म्हणून घरातील अत्याचार झाकणे ही संस्कृती नव्हे, तो संस्कृतीचा बुरखा आहे. बालविवाहालाही 'आमची रीत' हे उत्तर चालणार नाही. घर समजून घेणे म्हणजे घराला माफी देणे नव्हे. वैद्य नाडी पाहतो तो रोगाला पाठीशी घालण्यासाठी नव्हे.

उभाड्याच्या घरांची नाडी पाहिली असती, तर काय दिसले असते? भूमी नाही, हक्काचे घर नाही, दारूने पोखरलेले पुरुष आणि भुकेने हतबल झालेल्या बाया. ते घर मुलाला विकावयास उठले, त्याच्या आधी कितीतरी वर्षे समाजाने आणि शासनाने त्या घराला वाऱ्यावर सोडले होते. मुले सोडवणे आवश्यकच होते. पण सोडवलेले मूल त्याच उपाशी झोपडीत परत गेले, तर दुसरा मेंढपाळ यायला किती वेळ लागेल? आणि परत न पाठवता संस्थेत ठेवले, तर तेथे सर्व कुशल असते काय? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका आश्रमात चार वर्षांच्या बालकाची हत्या झाली आणि नाशिकच्याच म्हसरूळ भागातील एका वसतिगृहाच्या चालकास मुलींवरील अत्याचारांच्या आरोपाखाली अटक झाली. गरिबांच्या मुलांना घरापासून तोडले की ती सुरक्षित होतात, या भ्रमाचे याहून कठोर उत्तर असू शकत नाही.

म्हणूनच दारिद्र्य आणि दुर्लक्ष यांतला भेद ओळखणे, ही या कामातील पहिली पात्रता असली पाहिजे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले ते १९३३ च्या फेब्रुवारीत, याच नाशिकच्या कारागृहात. त्या पुस्तकातील घर कर्जाने बुडालेले आहे, आई आजारी आहे, बाप हतबल आहे. नमुन्याच्या रकान्यांत ते घर नापास होईल. मराठी माणसाने मात्र तीन-चार पिढ्या त्याच घराला संस्काराचा मानदंड मानले. जे पुस्तकातल्या श्यामच्या बाबतीत उमगते, ते पेठच्या पाड्यावरील मुलाच्या बाबतीत का उमगू नये?

दार कोण उघडणार?

उपाय अज्ञात नाहीत. मुलाला घरातच सांभाळता यावे यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. केंद्राच्या मिशन वात्सल्यात प्रायोजकत्वापोटी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. विधवा आई, वृद्ध आजी, एकटा चुलता यांच्या हाती हे पैसे वेळेवर पडले, तर कितीतरी मुले संस्थेचा उंबरठा चढणारच नाहीत. पण दाखले, बँक खाते, शिधापत्रिका आणि तालुक्याच्या खेपा यांत पाड्यावरची आजी दमून जाते. तिचा अर्ज भरून देणारा, तिच्याबरोबर कचेरीत बसणारा कार्यकर्ता हवा.

शासनाने करावयाचे तेही स्पष्ट आहे. ज्या तालुक्यात काम, तेथील बोली येणारी माणसे नेमावीत. अहवालात आई-बापांइतकीच जागा आजोळाला आणि चुलत्यांना द्यावी. मुलाला एकदा तरी थेट विचारावे : घाबरलास की कोणाकडे धावतोस? त्या एका उत्तरात तीन चौकटींपेक्षा अधिक माहिती असते. आणि ते उत्तर 'कोणाकडेच नाही' असे आले, तर तेथे क्षणाचाही विलंब न लावता मुलाला हलवावे.

परंतु शासनाला चार शब्द सुनावून आपली सुटका होत नाही. नाशिकच्या सुस्थित वसाहतींतून संस्थांकडे जाणारी वाट वाढदिवसाच्या दिवशी गजबजलेली असते. केक कापला जातो, जिलेबी वाटली जाते, छायाचित्रे निघतात, आणि आपले मूल हाताला धरून आपण घरी परततो. त्या संस्थेतील मुलाने त्या दिवशी काय पाहिले? एक असे घर, जे त्याचे नाही. कायद्यात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे. समितीच्या आदेशाने आणि देखरेखीखाली ठरावीक काळ मूल आपल्या घरात वाढवता येते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाट चोखाळली? यमगरवाडीत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी काम उभे करणारे गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या कामाचे मर्म टाळ्यांत नव्हते. पारध्यांच्या पालावर जाऊन बसण्यात आणि ज्यांना जग चोर म्हणत होते त्यांना आपले म्हणण्यात ते होते.

१८९९ च्या प्लेगात दातारांपुढे कोणताही शासकीय नमुना नव्हता आणि सावरकरांच्या मुलांशी रक्ताचे नातेही नव्हते. त्या घरात प्लेग आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी देणगी पाठवून कर्तव्य उरकले नाही. त्यांनी दार उघडले. आज कुटुंबसंस्कृतीचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाला विचारण्याचा प्रश्न एवढाच आहे की, संकटातले मूल उद्या आपल्या दाराशी आले, तर ते दार उघडेल की आतून संस्थेचा पत्ता सांगितला जाईल?